काठावर आणलं, पुढे काय?

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनी धरणाच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यात जी चर्चा झाली ती लाइफ जॅकेट, बोटींचे परवाने आणि शिरसोडी–कुगाव पूल यांभोवती फिरली. या तिन्ही गोष्टी हव्यातच. पण पाण्यातून माणूस वर काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्याच्यासाठी कुणी काय करायचं, हा प्रश्न मात्र मागेच पडला. पूल झाला तरी मासेमारी थांबणार नाही, रोहित पक्षी बघायला येणारे पर्यटक थांबणार नाहीत आणि पंढरपुरात चंद्रभागेतल्या होड्याही थांबणार नाहीत. त्यामुळे हा प्रश्न पुलाबरोबर सुटणारा नाही.

आमचं म्हणणं असं की, उजनी आणि चंद्रभागेवर प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक होडीच्या परवान्यात चार गोष्टी सक्तीच्या हव्यात: नावाड्याची वैद्यकीय तपासणी, प्रत्यक्ष सराव करून घेतलेलं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, होडीवर औषधपेटी आणि रुग्णाला काठावरून दवाखान्यात नेण्याचा ठरलेला मार्ग. आणि याचा खर्च नावाड्याच्या खिशातून जाता कामा नये.

समुद्रावर काम करणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाचा एसटीसीडब्ल्यू हा आंतरराष्ट्रीय करार १९७८ चा. त्यानुसार जहाजावर जबाबदारीचं काम करणाऱ्याला प्राथमिक प्रथमोपचार शिकूनच जावं लागतं. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार शंभर किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर लागतो. बाकी जहाजांवर उपचाराचं प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो. युरोपातल्या नियमांत औषधपेटीचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. जहाज वैद्यकीय सोय असलेल्या बंदरापासून किती दूर जाणार यावर पेटीत काय असेल ते ठरतं. दीडशे सागरी मैलांच्या आत राहणाऱ्याला बी, पलीकडे जाणाऱ्याला ए, अगदी किनाऱ्यालगत फिरणाऱ्याला सी. रोममधलं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून समुद्रावरच्या जहाजांना बिनतारी संदेशावरून वैद्यकीय सल्ला देत आलं आहे.

शिडाच्या नौकांवर तर माणसं दोन-चारच असतात, कधी एकच. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली, उठता येईना. मदत पोचायला सुमारे तीन दिवस लागले. या प्रसंगातून छोट्या नौकेवरच्या कुणीही घ्यावेत असे दोन धडे आहेत. पेटी, पाणी आणि संदेशाचं साधन पडल्या जागेवरून हाताला लागलं पाहिजे. आणि संदेशात फक्त ‘मदत पाठवा’ न म्हणता काय दुखावलं आहे, हलता येतं का, नेमकं ठिकाण कुठलं, हे सांगता आलं पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, कुठे हिंदी महासागर आणि कुठे उजनी, इथे काठ तर डोळ्यांना दिसतो. काठ दिसतो हे खरं, पण काठावर डॉक्टर नसतो. धरणाच्या फुगवट्याच्या मध्यावरून धक्क्यापर्यंत यायला पंधरा-वीस मिनिटं धरा. तिथून गाळ तुडवत रस्ता, १०८ ची गाडी तालुक्याच्या ठिकाणाहून येणार, मग करमाळ्याचं नाहीतर इंदापूरचं रुग्णालय, आणि मोठी गरज असेल तर सोलापूरचं सिव्हिल. श्वास थांबलेल्या माणसाच्या मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. त्या हिशेबात उजनीचा मध्य आणि अरबी समुद्र यांत फरक उरत नाही. दोन्हीकडे पहिला उपचार करणारा माणूस होडीतच असावा लागतो.

आता बुडालेल्या माणसाचं बघू, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. आपल्याकडे अजूनही त्याला पालथं घालून घागरीवर लोळवतात, पाय धरून गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. मिठात पुरून ठेवल्यावर माणूस उठतो असे निरोपही मोबाइलवर फिरत असतात. यातली एकही गोष्ट उपयोगाची नाही. पोट दाबून निघतं ते पोटातलं पाणी. ते वर येताना श्वासनलिकेत शिरतं आणि उरलीसुरली फुप्फुसंही भरतं. फुप्फुसात गेलेलं पाणी बहुधा थोडं असतं आणि ते बाहेर काढायची गरज नसते. बुडालेला माणूस प्राणवायूअभावी मरतो. म्हणून त्याला आधी हवा लागते.

क्रम असा. पाठीवर झोपवायचं, कपाळ मागे आणि हनुवटी वर करायची, श्वास चालतोय का ते दहा सेकंदांत ठरवायचं. मधूनच घोरल्यासारखा एखादा आचका येतो, त्याला श्वास समजू नये. ही चूक जीवघेणी आहे. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडावाटे पाच श्वास द्यायचे, प्रत्येक साधारण एक सेकंदाचा, छाती वर उचललेली दिसेल इतकाच. अमेरिकी पद्धतीत सुरुवातीला दोन श्वास सांगतात, युरोपीय पद्धतीत पाच. बुडालेल्याला श्वासापासून सुरुवात, यावर दोन्हींचं एकमत आहे. मग छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं तीस दाब, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं. लहान मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. दर तीस दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर कोसळलेल्या माणसाला नुसता छातीवर दाब दिला तरी चालतं असं अनेक शिबिरांत शिकवतात. ते अचानक हृदय बंद पडलेल्यासाठी आहे. बुडालेल्याच्या रक्तात प्राणवायूच संपलेला असतो, नुसतं रक्त फिरवून भागत नाही.

तोंडाला फेस येतो. तो पुसत बसू नये, श्वास देत राहावं. उलटी जवळजवळ होतेच. तेव्हा आख्खा माणूस एका कुशीवर वळवायचा, तोंड फडक्यानं साफ करायचं आणि पुन्हा सुरू करायचं. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशाला कुशीवर ठेवायचं आणि एका माणसानं त्याच्या श्वासावरून नजर हलवायची नाही. शुद्धीवर येऊन ‘आता बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर घरी सोडायचं नाही. फुप्फुसांना सूज पुढच्या काही तासांत चढू शकते. सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहणं गरजेचं असतं.

होडीत एक वेगळी अडचण आहे, ती शिबिरात कुणी सांगत नाही. अरुंद, डुलणाऱ्या होडीत गुडघ्यावर बसून दाब नीट देता येत नाही आणि मदतीला सगळे एका बाजूला झुकले तर तीच होडी उलटते. फळी रुंद, सपाट असेल तर पूर्ण सीपीआर, म्हणजे दाब आणि श्वास दोन्ही, तिथेच सुरू करावा. नसेल तर एकानं श्वास देत राहावं, दुसऱ्यानं होडी काठाला लावावी आणि टणक जमिनीवर येताच दाब सुरू करावेत. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद, हे तर हवंच. पंख्यानं झालेल्या जखमा भयानक असतात. आणि पोहता येतं म्हणून कुणी उडी मारू नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. आधी वल्हं पुढे करा, मग दोर, मग झाकण घट्ट बसवलेला रिकामा कॅन.

बुडणं वर्षातून एखाद्या वेळी. ऊन मात्र मार्च ते जून रोज असतं आणि सोलापूरच्या माणसाला उन्हाची सवय आहे, या समजुतीनं आपण त्याला कमी लेखतो. पारा ४२-४४ वर, वर छप्पर नाही, खाली पाण्याची तिरीप, शेजारी तापलेलं इंजिन. डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ इथवर माणसाला सावलीत बसवून पाणी-मीठ दिलं की तो सावरतो. पण तो असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग भाजतंय असं लागलं, तर तो उष्माघात. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा आणि वारा घाला; मान, काखा, जांघा इथे ओले पंचे ठेवा. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही. गाडी यायची वाट बघत थंड करणं थांबवू नका. आधी थंड करणं, मग नेणं. यासाठी धरणाचं पाणी चालेल, पाणी मुबलक असणं ही होडीची एक जमेची बाजू आहे.

पिण्यासाठी, ओआरएस कालवण्यासाठी किंवा जखम धुण्यासाठी मात्र ते पाणी चालणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीतच येतं. म्हणून होडीत बंद बाटलीतलं पिण्याचं पाणी वेगळं हवं. ओआरएसची पूर्ण पुडी, २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात टाकून ढवळून देणं ही सर्रास चालणारी चूक आहे. मीठ जास्त होतं, उलटी वाढते आणि लहान मुलाला तर अपाय होतो. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

बाकीच्या दुखापती थोडक्यात. वाहत्या रक्तावर स्वच्छ घडी ठेवून दहा मिनिटं सलग दाब. मधे उचलून बघू नये, बघितलं की गुठळी सुटते. हातपायाचं रक्त दाबूनही थांबेना तर जखमेच्या वर चार बोटं आवळपट्टी (टूर्निके), सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ कपाळावर नाहीतर पट्टीवर लिहायची. नायलॉनच्या दोरीत बोट तुटलं तर तुकडा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून वाया जातो. मांगूर, शिंगाडा अशा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवावा. पाण्याचा चटका आधी चांगल्या हातानं बघावा, कारण दुखऱ्या हाताला तो कळत नाही. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. नळीनं पेट्रोल ओढताना ते पोटात गेलं तर उलटी करवू नये. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं. तोंड धुवावं, खोकला सुरू झाला की दवाखाना.

पेटी म्हणजे काय, हेही नेमकं ठरलेलं हवं, नाहीतर कापूस आणि लाल औषधाची बाटली ठेवून तपासणी पार पडते. दहा-बारा प्रवाशांच्या होडीसाठी आमची यादी अशी: एकेरी झडपेचा पॉकेट मास्क एक, हातमोज्यांचे दहा जोड, निर्जंतुक गॉजच्या वीस घड्या, दहा सेंटिमीटरच्या क्रेप पट्ट्या चार, त्रिकोणी पट्ट्या चार, तयार आवळपट्टी एक, बोथट टोकाची कात्री, पोव्हिडोन आयोडीन, ओआरएसच्या दहा पुड्या, पिण्याचं पाणी पाच लिटर, ग्लुकोज, उष्णतारोधक चंदेरी चादरी दोन, शिट्टी, बॅटरी, पाण्यानं न पुसणारा पेन. डोलण्यानं मळमळणाऱ्या प्रवाशासाठी सिनॅरिझिनच्या गोळ्या डॉक्टरी सल्ल्यानं ठेवता येतील, पण त्या निघण्याआधी घेतल्या तरच उपयोगी. आणि झोप आणतात म्हणून नावाड्यानं त्या घेऊ नयेत. या सगळ्यात पॉकेट मास्क सर्वांत महत्त्वाचा. अनोळखी माणसाच्या फेसाळ तोंडाला तोंड लावायला माणूस कचरतो, यात दोष नाही. मास्क असेल तर तो कचरणार नाही.

पेटी घट्ट झाकणाच्या फिकट रंगाच्या प्लास्टिक डब्यात, नावाड्याच्या हाताशी, दोरीनं बांधलेली हवी. पत्र्याची पेटी मे महिन्यात भट्टी होते. चिकटपट्टीचा गोंद वितळतो, औषधं खराब होतात. ओआरएसची पुडी दमट हवेनं घट्ट गोळा झाली की बदलायची. महिन्याच्या एक तारखेला तपासून सही, इतकी साधी पद्धत पुरते.

नावाड्याच्या स्वतःच्या तब्येतीकडे तर कुणाचंच लक्ष नाही. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे अंधारात काढायची, मासळी लिलावाला पोचवायची आणि उजाडलं की पक्षी बघणारे दारात हजर. दिवाळीपासून होळीपर्यंत झोपेला सलग वेळ कुठे आहे? सागरी कामगार करारात विश्रांतीचा एक हिशेब आहे: चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास. नौकेवर पाळ्या लावतात त्या यासाठीच. झोप अपुरी असलेल्या माणसाचे निर्णय दारू प्यायलेल्यासारखे होतात. उजनीवर प्रवासी फेऱ्या करणाऱ्यानं त्या रात्री जाळी काढलेली नसावी, नाहीतर आळीपाळीनं दुसरा माणूस असावा, हे परवान्यात लिहायला काय हरकत आहे? तपासणीत नजर, ऐकणं, रक्तदाब, साखर आणि फिट येण्याचा इतिहास बघितला जावा. खलाशाचा वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, इथेही तेच प्रमाण ठेवावं. दोष निघाला की रोजगार काढून घ्यायचा, हा हेतू नाही. मधुमेहाची गोळी घेणारा नावाडी खिशात ग्लुकोज ठेवून आणि वेळेवर जेवून होडी चालवू शकतो. फिट येणाऱ्याला एकट्याला सुकाणूवर ठेवू नये, पण काठावरचं काम देता येतं. दाखल्यात अशा मर्यादा लिहायची पद्धत जहाजांवर आहेच.

उजनीची एक खासियत सगळ्या आराखड्यांना चकवते. धरण भरलं की ११७ टीएमसीच्या आसपास, आणि उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की काठ कित्येक पावलं आत सरकतो. ऑक्टोबरात जिथे गाडी पाण्याला टेकत होती तिथे मे महिन्यात गुडघाभर गाळ असतो. त्या गाळातून बेशुद्ध माणूस उचलून आणायला चार माणसं आणि स्ट्रेचर लागतं. म्हणून प्रत्येक धक्क्याला क्रमांक हवा, आणि पाणीपातळीच्या तीन टप्प्यांसाठी गाडी कुठवर येईल ते वेगवेगळं ठरलेलं हवं. कुगाव, चिखलठाण, वांगी, केत्तूर असा प्रत्येक धक्का १०८ च्या नियंत्रण कक्षाला क्रमांकानिशी माहीत असावा. फोनवर काय सांगायचं ते होडीत रंगानं लिहून ठेवावं: धक्का क्रमांक, रुग्णाचं वय, शुद्ध आहे का, श्वास आहे का, काय झालं, किती वाजता, आतापर्यंत काय केलं. फुगवट्यात सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे निघताना प्रवाशांची संख्या आणि परतीची वेळ काठावरच्या माणसाकडे नोंदवणं भाग आहे.

पंढरपूरचं चित्र निराळं. तिथे दवाखाना जवळ आहे, पण गर्दी आड येते. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात मुंगीलाही वाट मिळत नाही. वरून पाणी सुटलं की पातळी चढते, आणि वाळू उपशानं पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात चालणारी बाई पुढच्या पावलाला बुडते. मार्गशीर्षात विष्णुपदाला होड्यांची रीघ असते. इथे वाचवणारे कोळी समाजातले तरुणच असतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना पाणी कळतं, ते कुणी शिकवायची गरज नाही. शिकवायचं आहे ते काठावर आणल्यानंतरचं. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला बुडण्यापासून बचावाचा दिवस, आणि आषाढी साधारण त्याच सुमारास येते. वारीच्या तयारीच्या बैठकीत घाटांवरच्या तरुणांसाठी एक दिवसाचा सराव, पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवून, इतकं तर ठेवता येईल. हे कौशल्य काही महिन्यांत हातातून जातं, म्हणून कार्तिकीआधी पुन्हा उजळणी हवी.

पैशाचा मुद्दा खरा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला पाच लाखांचं विमा संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण मेल्यावर पाच लाख देणारी व्यवस्था जगवण्यासाठीच्या पेटीला काही हजार देऊ शकत नाही, हे पटत नाही. पर्यटनाच्या तिकिटातून एक छोटा हिस्सा, मत्स्यव्यवसाय विभागाचं अनुदान आणि सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्रशिक्षक, इतक्यात हे बसतं. कायद्याचीही अडचण नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ आला आहे. होडीवरची माणसं आणि सुरक्षेची साधनं यांचे नियम त्यात करता येतात. एक उणीव मात्र भरायला हवी. मदत करणाऱ्याला पोलिसी जाच होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४ए हे कलम आलं, पण ते वाहन अपघातापुरतं आहे. पाण्यातून माणूस काढून श्वास देणाऱ्यालाही तेच संरक्षण शब्दांत लिहून मिळालं पाहिजे. तो माणूस वाचला नाही तर आपल्यावरच येईल, ही भीती काठावर आजही हात मागे खेचते.

आणि जे वाचत नाहीत त्यांचा शोधही स्थानिक मच्छीमारच घेतात. आपत्ती दलाच्या जवानांबरोबर दिवसच्या दिवस गळ आणि जाळी टाकत ते फिरतात. लहान लेकराचा देह त्यांच्या हाताला लागतो. त्यानंतर झोप उडणं, पाण्यावर जावंसं न वाटणं, दारू वाढणं हे होतं आणि त्याला कुणी आजार म्हणत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पण नावाडी आपणहून फोन करील अशी अपेक्षा धरू नये. शोधमोहीम संपल्यावर आठवड्यात आणि पुन्हा महिन्यानं आरोग्य केंद्राच्या माणसानं त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी, आणि बुडालेल्या रोजगाराचे पैसे तहसीलनं त्याच आठवड्यात द्यावेत.